शरणपूर रोडवर कोण शरण आलं होतं? (मराठी विकिपीडियाच्या कामासाठी मदत हवी आहे)

कोरांटी

नाशिककरांनो, शरणपूर रोडवरून तुम्ही किती वेळा गेला असाल? मी पंचवीस वर्षं जातेय. शरणपूर म्हणजे कुणीतरी शरण आलं असणार, हा साधा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. गावाला नाव असतं, रस्त्याला नाव असतं, आपण फक्त सिग्नल बघतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम साल्टर प्राइस या मिशनऱ्याने नाशिकच्या वेशीबाहेर ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. पुढे तिथे आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम निघाला. ही मुलं पूर्व आफ्रिकेतून धरून, विकून जहाजांत कोंबलेली. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात अशी गलबतं पकडायचं आणि वरच्या माणसांना मुंबईला उतरवायचं. त्यांतली काही पोरं नाशिकला यायची. इथे ती इंग्रजी शिकली, सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली. इतिहासकार त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात आणि तिकडच्या मजकुरात 'नासिक बॉइज' म्हणूनही ती भेटतात. गोदावरीकाठी वाढलेली ही मुलं पुढे थेट मोंबासाला, झांबियाच्या दलदलीत आणि एक जण तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पोचला.

तो एक जण म्हणजे जेकब वेनराइट. पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजातला. लहानपणी गुलाम केला गेला, जहाजावरून सुटला, नाशिकला शिकला. १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला जी तुकडी गेली, तिच्यात पूर्वी नाशिकला शिकलेले सहा जण होते आणि हा त्यांतला एक. लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी वारला. सोबतच्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, देह वाळवला, गुंडाळला आणि पायी समुद्रापर्यंत आणला. कित्येक महिने चालत. पुरताना प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली, कारण लिहिता येणारा तो होता. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकी होता.

आता खरी गोष्ट. त्या थडग्यावर काय लिहिलंय माहितीय? 'विश्वासू हातांनी जमिनीवरून आणि समुद्रावरून आणलेला' डेव्हिड लिव्हिंग्स्टन इथे विसावला आहे. हात! हातांना नावं नाहीत.

आम्ही चौघं जण सध्या फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर या विषयाचे लेख लिहितोय आणि ज्या ज्या पुस्तकातून माहिती काढतोय तिथे हेच दिसतंय. गव्हर्नर कोण होता, कप्तान कोण, पाद्री कोण, सगळं ठळक. ज्यांची सुटका झाली ते 'काही मुले', 'अनेक हबशी', 'सुमारे इतके'. म्हणून आम्ही स्वतःपुरता नियम केलाय: लेखात सोडवणाऱ्याचं नाव आलं की सुटलेल्या निदान एकाचं तरी नाव शोधायचं. सापडेपर्यंत पान धूळपाटीतच (कच्च्या मसुद्यांच्या जागेत) राहील.

तीन पानं कच्ची तयार आहेत: शरणपूर, जेकब वेनराइट आणि कुणबीण (हो, पेशवाईतली गुलाम बाई. त्याबद्दल खाली भांडण होणार हे माहीत आहे). मदत कशाची हवी: मोडी वाचणारे, कायद्याचं कळणारे, जुने गॅझेटियर चाळायचा कंटाळा नसलेले, आणि शुद्धलेखन सुधारणारे. शेवटचे तर फार हवेत.

खलबत्ता

रुमाल टाकून ठेवतो. पंचवीस वर्षं मीही सिग्नलच बघितलाय.

निवृत्तीनाथ

लेख माहितीपूर्ण. पण एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. अरबी समुद्रातला गुलामांचा व्यापार हा अरब आणि युरोपीय लोकांचा विषय. आपल्याकडे त्या अर्थाने गुलामगिरी नव्हती. वेठबिगार होती, जातिव्यवस्था होती, त्यांवर जरूर लिहा. पण 'पेशवाईतली गुलामगिरी' असे पान काढून अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांशी आपली बरोबरी करणे हा परक्या चष्म्यातून इतिहास पाहण्याचा प्रकार झाला. घरात काम करणारी बाई आणि गुलाम यांत फरक आहे.

मोडीवेडा

निवृत्तीनाथ, वेठ आणि गुलामी वेगळी, यात तुम्ही बरोबर आहात आणि म्हणूनच पान वेगळं हवं. वेठीला धरलेला माणूस काम संपलं की घरी जातो. त्याची विक्री होत नाही. कुणबिणीची होत असे.

मी पेशवे दप्तरात काही वर्षं अधूनमधून बसलोय. माझा विषय किल्ल्यांचे हिशेब हा होता, कुणबिणी नव्हेत. पण किल्ल्याचा हिशेब उघडला की त्या येतातच. कोठीवर दळणकांडणाला, पागेत, गुरांच्या गोठ्यात. धान्य किती दिलं, लुगडं दिलं का, कोण मेली, कोण पळाली. पळाली हा शब्द वाचताना मी दर वेळी थांबतो. मोलकरीण पळत नाही हो, ती काम सोडते.

या बायका सरकारात यायच्या कुठून? काही मोहिमांत धरलेल्या. काही व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेल्या. काही दुष्काळात आईबापांनी विकलेल्या. आणि काही शिक्षा म्हणून: बदकर्माचा ठपका बसलेली बाई सरकारच्या ताब्यात जायची आणि कुणबीण व्हायची. सुटकेच्या नोंदीही आहेत. म्हातारपणामुळे सोडली, किंवा बदली दुसरी बाई दिली म्हणून सोडली. ही दुसरी वाट वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. एकीच्या सुटकेची किंमत दुसरीने द्यायची.

मळ्यांशी बरोबरी कुणीच करत नाहीये. इथली गुलामी बहुतांशी बायकांची होती, घर आणि कोठार यांच्याभोवतीची होती. तशीच लिहू. अमेरिकेसारखी नव्हती एवढ्यावरून नव्हतीच असं कसं होईल?

आणि कोरांटीताई, कागद वाचून द्यायला मी तयार आहे.

नदीकाठ

मी इथे फार लिहीत नाही, वाचतेच. पण कुणबिणीवरून 'बटीक' हा शब्द आठवला. आमची आजी रागावली की म्हणायची, "बटकीसारखी दारात काय उभी राहतेस!" मला वाटायचं बटकी म्हणजे उनाड. कॉलेजात असताना मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात सहज बघितलं तर पहिला अर्थच 'गुलाम स्त्री'. घरी येऊन आजीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. तिच्या आजीकडून आलेली शिवी, एवढंच.

मग मी तावातावाने एका पानात ही आजीची गोष्ट घातली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उलटवली, म्हणजे माझा बदल काढून टाकला. फार लागलं होतं तेव्हा. आपलं घर खोटं ठरवल्यासारखं. आता कळतं की विकिपीडियावर माझी आजी संदर्भ होऊ शकत नाही, मोल्सवर्थ होऊ शकतो. तरी पण तो उलटवणारा एक ओळ चर्चा पानावर लिहून गेला असता तर मी तीन वर्षं तिथून पळाले नसते.

खलबत्ता

शिव्यांवरून आठवलं. एक्का, राजा, राणी, गुलाम. आयुष्यभर पत्ते कुटले, पण राजाराणीच्या घरात तिसरा माणूस गुलाम का, असं एकदाही विचारलं नाही. निवृत्तीनाथ, 'आपल्याकडे नव्हती' म्हणताना पत्त्यांचा जोड लपवा आधी.

(हलके घ्या.)

तळटीप

नदीकाठ, तुमचं पान उलटवणारा मी नव्हतो अशी आशा आहे. असेन तर क्षमस्व.

मोडीवेडा यांच्या उत्साहावर थोडं पाणी ओततो, कारण पुढे जाऊन पान वगळलं गेलं की सगळ्यांचा हिरमोड होतो. दप्तरातला रुमाल (कागदांचा गठ्ठा) स्वतः सोडून, स्वतः वाचून, स्वतः अर्थ लावून विकिपीडियावर लिहिणं म्हणजे मूळ संशोधन. ते तिथे चालत नाही, कितीही खरं असलं तरी. ते लेख लिहून इतिहासाच्या नियतकालिकात छापा. मग कुणीतरी दुसऱ्याने ते विकिपीडियावर आणावं.

पण वाट बंद नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीतले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून ठेवले आहेत. सरदेसायांचे पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत, १९३० च्या दशकातले. राजवाड्यांचे खंड आहेत. छापील, संपादित, कुणालाही पडताळता येणारे. वाडांचे खंड तर प्रताधिकारातून कधीच मुक्त झालेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा आपला हिशेब. ते विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या जुन्या पुस्तकांसाठीच्या भावंडावर) चढवा, पान न् पान मुद्रितशोधन करा. मग विकिपीडियाच्या लेखातून थेट त्या पानावर दुवा देता येतो आणि वाचणारा स्वतः बघतो. मोडीवेडांचा खरा उपयोग तिथे: छापील उताऱ्यातले शब्द आजच्या वाचकाला कळत नाहीत, ते समजावायला.

अर्थ लावायचं काम मात्र अभ्यासकांच्या लेखनावरूनच करा. पश्चिम भारतातल्या अठराव्या शतकातल्या गुलामीवर सुमित गुहा यांनी लिहिलंय, ते आधी वाचा. आणि गॅझेटियर सांभाळून वापरा. कँपबेलसाहेबाचा नाशिकचा खंड १८८३ चा. तारखा, वस्ती, इमारती यांसाठी उत्तम. पण 'सरकारच्या कृपेने' छापाची वाक्यं जशीच्या तशी मराठीत उतरली की आपला लेख १८८३ साली जाऊन बसतो.

अर्धविराम

कुणबीण पानाचं शीर्षक बघूनच मी दचकले. आमच्या गावाकडे कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, शेतकरीण. अभिमानाने म्हणतात. उद्या कुणी शोधून त्या पानावर आलं आणि पहिलंच वाक्य 'कुणबीण म्हणजे गुलाम स्त्री' असं वाचलं तर गदारोळ होईल आणि तो रास्त असेल.

कोरांटी

अर्धविराम, अगदी हाच पेच पडलाय. मोल्सवर्थने दोन्ही अर्थ दिलेत. आम्ही ठरवलंय की 'कुणबीण' हे निःसंदिग्धीकरण पान करायचं: एक दुवा कुणबी समाजाकडे, दुसरा 'कुणबीण (मराठेशाहीतील गुलाम स्त्री)' या पानाकडे. आणि दुसऱ्या पानात पहिल्याच परिच्छेदात सांगायचं की या संज्ञेवरून त्या बाईची जात कळत नाही. दप्तरात हा शब्द दर्जा सांगतो. चालेल का?

अर्धविराम

चालेल. शेतकरणीचा दुवा वर ठेवा.

फिर्यादी

कायद्याचं मी बघतो. आधीच एक विनंती: कुठल्याही पानावर 'भारतात १८४३ साली गुलामगिरी बंद झाली' असं वाक्य असेल तर कृपया ते बदला. हे वाक्य शाळेच्या पुस्तकासारखं गुळगुळीत आहे आणि म्हणूनच टिकतं.

झालं असं. ब्रिटिश संसदेने १८३३ साली साम्राज्यातली गुलामगिरी रद्द केली, पण त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना वगळले. म्हणजे वेस्ट इंडीजमधला गुलाम सुटला, आपला नाही. मग विधी आयोग बसला, त्याचा जाडजूड अहवाल १८४१ मध्ये आला, आणि ७ एप्रिल १८४३ ला पाचवा कायदा झाला. अवघी चार कलमं. एक, सरकारी अधिकाऱ्याने कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी किंवा सारावसुलीसाठी माणसाला गुलाम म्हणून विकायचं नाही. दोन, अमका माझा गुलाम आहे असा हक्क कुठलंही कोर्ट बजावून देणार नाही. तीन, गुलाम आहे म्हणून कुणाची कमाई किंवा वारसा हिरावता येणार नाही. चार, स्वतंत्र माणसाच्या बाबतीत जो गुन्हा, तो गुलाम म्हणवल्या जाणाऱ्याच्या बाबतीतही गुन्हाच.

आता बघा यात काय नाही. 'सर्व गुलाम आजपासून मुक्त' असं कुठेही नाही. गुलाम बाळगणं हा गुन्हा नाही. मालकाला भरपाई नाही, सुटलेल्याला जमीन नाही, दवंडी नाही. कोर्टाने फक्त तोंड फिरवलं. ज्या कुणबिणीला कोर्ट कुठे आहे हेच माहीत नाही, तिला कायदा बदललाय हे कुणी सांगायचं? मालकाने?

माणसाची खरेदीविक्री हा स्पष्ट गुन्हा ठरला तो भारतीय दंड संहितेत, कलम ३७० आणि ३७१. ती १८६० ची, अंमल १८६२ पासून. आणि संस्थानांना कंपनीचा १८४३ चा कायदा थेट लागू नव्हता. जंजिरा, सातारा, कोल्हापूर, जिथली गोष्ट लिहाल तिथली वेगळी लिहावी लागेल.

त्यामुळे लेखाच्या बाजूला येणाऱ्या माहितीच्या चौकटीत 'गुलामगिरी रद्द: १८४३' असा एक आकडा भरायचा मोह टाळा. साच्यात रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही.

तळटीप

साच्यातले रकाने हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. तिथे मी दोन वर्षं भांडतोय. +१.

निवृत्तीनाथ

मोडीवेडा आणि फिर्यादी यांचे प्रतिसाद वाचले. पहिला आक्षेप मागे घेतो; 'पळाली' या शब्दाने मलाही अडवले.

पण दुसरा आहे. शरणपूरची कथा सुटकेची कथा म्हणून सांगितली जात आहे. ज्या मुलांना जहाजावरून उतरवले त्यांना विचारले का, तुम्हांला कुठे जायचे आहे? त्यांना नाशिकला आणले, नवा धर्म दिला, नवी नावे दिली, मिशनच्या कामाला लावले. इंग्रज आरमाराचे कौतुक आणि पाद्र्यांचे कौतुक यापलीकडे लेख जाणार आहे का?

कोरांटी

निवृत्तीनाथ, हा आक्षेप मला हवाच होता. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या मसुद्यात तेच झालं होतं. तीन परिच्छेद प्राइससाहेबांवर, एक ओळ मुलांवर.

नावांचंच बघा. १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून निघाला तेव्हा नाशिकचे नऊ जण बरोबर होते. त्यांतला एक एडवर्ड गार्डनर, जो शेवटपर्यंत टिकला. १८७२ चे सहा जण म्हणजे जेकब आणि जॉन वेनराइट, रिचर्ड आणि बेंजामिन रटन, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन. वेलिंग्टन! नेपोलियनला हरवणाऱ्या सरदाराचं नाव एका याओ पोराला. या मॅथ्यूचं जन्माचं नाव चेंग्विम्बे होतं, ते नोंदलं गेलंय कारण तो म्हातारा होईपर्यंत जगला, १९३५ पर्यंत, मोंबासाला. बाकीच्यांची मूळ नावं मला अजून सापडलेली नाहीत. जेकबचंही नाही.

आणि मुंबई विसरू नका. जेम्स चुमा मुंबईत शिकला, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत. होय, विल्सन कॉलेजवालेच. अब्दुल्ला सुसी तेव्हा मुंबईच्या गोदीत काम करत होता. देह किनाऱ्यापर्यंत आणण्याचं नेतृत्व या दोघांचं. पण लंडनला अंत्यविधीला दोघेही नव्हते. मिशनने खर्च केला तो आपल्या शाळेत शिकलेल्या जेकबचा. ते दोघं नंतर इंग्लंडला गेले आणि लिव्हिंग्स्टनच्या रोजनिश्या छापायच्या कामात बसले. म्हणजे कुणाचं नाव उरलं यातसुद्धा मिशनचा हात आहे, हे लेखात स्पष्ट लिहिणार आहे.

पण दुसरी बाजूही आहे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर नाशिकहून १८६४ मध्येच मोंबासाजवळ रबाईला गेले आणि तिथलं काम त्यांनी उभं केलं. पुढे प्राइस मोंबासाला गेला, १८७५ च्या सुमाराला सुटलेल्यांसाठी फ्रीअर टाऊन वसलं, नाशिकचे कितीतरी जण तिकडे गेले. फ्रीअर म्हणजे बार्टल फ्रीअर, १८६२ ते ६७ मुंबईचा गव्हर्नर. तिथे एक घंटा टांगलेली होती, गुलाम पकडणारे आले की वाजवायला. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत 'घंटेपाशी'. पहाऱ्याला, शिकवायला, बांधकामाला हेच लोक. यांना नुसतं 'पाद्र्यांनी घडवलेले' म्हटलं तर पुन्हा हात दिसतात, माणसं नाही.

तुम्ही हा मुद्दा चर्चा पानावर लिहाल का? तुमच्या शब्दांत. नंतर येणाऱ्याला कळेल की यावर आधीच विचार झालाय.

निवृत्तीनाथ

लिहितो. खाते कसे उघडायचे ते कोणीतरी सांगा.

पाटीपेन्सिल

शब्दांबद्दल विचारायचं होतं. इंग्रजीत हल्ली 'गुलाम' न म्हणता 'गुलाम केलेला माणूस' अशा अर्थाचा शब्द वापरतात. आपणही 'गुलामीकृत व्यक्ती' वापरावं का? एका मसुद्यात दिसलं.

मोडीवेडा

देवा. 'गुलामीकृत' शब्द कुणाच्या बापजन्मी कुणी ऐकलाय? मराठीत क्रियापद मोकळं सोडा, काम होतं. 'त्याला विकलं', 'तिला धरून आणलं', 'गुलाम केलं'. कोण करतंय ते वाक्यात आलं की झालं. खरा घोटाळा 'ठेवण्यात आले', 'मुक्त करण्यात आले' या वाक्यांचा आहे. ज्याने ठेवलं तो या 'आले'च्या मागे दडून बसतो. मी मसुद्यातली सतरा 'आले' काढली. पाच राहिली, तिथे कर्ता खरंच कळत नाही.

पाटीपेन्सिल

पटलं. माझाच शब्द होता तो. काढतो.

सांजवारा

उशिरा आलो. जोतीराव फुले कुठे आहेत या धाग्यात? 'गुलामगिरी' हा शब्दच मराठीत घराघरात त्यांनी नेला. १८७३. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा ही आशा. समाजमाध्यमांवर 'लिंकनला अर्पण' असं फिरत असतं, ते चूक आहे. अर्पण लोकांना आहे.

आणि हे वर्ष बघा. मे १८७३, लिव्हिंग्स्टन गेला. ५ जून १८७३, झांझिबारच्या सुलतानाने तहावर सही करून गुलामांचा बाजार बंद केला आणि त्या तहाच्या मागे तुमचा तो फ्रीअर. सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज.

तळटीप

सांजवारा, योगायोग सुरेख आहे पण लेखात तिन्ही एका वाक्यात ओवू नका. एकामुळे दुसरं झालं असा वास येतो. फुल्यांचं पान वेगळं आणि भक्कम ठेवा, 'हेही पहा' मध्ये दुवा द्या. फुले गुलामगिरी हा शब्द जातीच्या दास्यासाठी वापरतात, आपण इथे विकल्या-घेतल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितोय. दोन्ही कुठे जुळतात ते वाचकाला ठरवू दे.

सांजवारा

ठीक. अवांतर: मलिक अंबर कुणी घेतलाय का? हबशी मुलगा, इथिओपियात जन्म, मूळ नाव चापू, किती जणांना विकला गेला, शेवटी अहमदनगरच्या चंगीजखानाने घेतला, जो स्वतः एकेकाळी गुलाम होता. पुढे निजामशाहीचा वजीर, खडकी शहर (आजचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे औरंगाबाद) वसवणारा, भातवडीत १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारणारा. त्याच्या नहरीचं, म्हणजे पाण्याच्या योजनेचं, कौतुक सगळे करतात.

कोरांटी

पान आहे, सुधारतोय. तिथे उलटा प्रश्न आहे. एवढा मोठा माणूस की त्याच्याकडे बघून लोकांना वाटतं, इथे गुलामाचा वजीर व्हायचा, म्हणजे गुलामी सौम्यच असणार. त्याच्याबरोबर त्याच बाजारात उभ्या असलेल्या बाकीच्यांचं कुणी वजीरपद लिहिलेलं नाही.

नदीकाठ

कोरांटी, जेकबची रोजनिशी जालावर आहे बरं का. २०१९ मध्ये चित्रांसकट चढली. इंग्रजीत लिहिलेली, त्याच्याच हातची. रात्री दोन वाजेपर्यंत बघत बसले. अक्षर आमच्या जुन्या मिशन शाळेतल्या कित्त्यासारखं आहे, डावीकडून उजवीकडे कललेलं. नाशिकला गिरवलं असेल का हे?

कोरांटी

असेलच. पण तळटीप यांच्यासमोर असं म्हणायचं नाही.

तळटीप

लेखात नाही. धाग्यात म्हणा.

कोरांटी

धागा वर काढतेय. आठवड्याभराचा हिशेब देते. निःसंदिग्धीकरण पान झालं, शेतकरणीचा दुवा वर आहे. १८४३ च्या कायद्याचं पान फिर्यादींनी मुख्य नामविश्वात (म्हणजे मसुद्यातून प्रत्यक्ष लेखांत) नेलं आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी 'गुलामगिरी बंद केली' असं करून गेलं. फिर्यादींनी चर्चा पानावर चारही कलमं लिहून ते परत बदललं. निवृत्तीनाथांचं खातं उघडलं, शरणपूरच्या चर्चा पानावर त्यांचा मुद्दा आहे आणि त्यांनी लेखातल्या अकरा शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या. वाडांचा पहिला खंड विकिस्रोतावर चढवायला घेतलाय, मुद्रितशोधनाला माणसं हवीत. दिवसाला दोन पानं केली तरी पुरे.

एक अडलंय. मॅथ्यू वेलिंग्टनच्या पानाचं शीर्षक काय ठेवायचं? जग त्याला वेलिंग्टन म्हणूनच ओळखतं, म्हणून नियमाने तेच नाव हवं. मी 'चेंग्विम्बे' वरून पुनर्निर्देशन केलंय, म्हणजे ते नाव शोधलं तरी पान उघडेल. पण मी ते देवनागरीत बरोबर लिहिलंय का? चेंग्विम्बे, चेंगविंबे, की चेंगुइम्बे? याओ भाषा बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारून सांगा.

खलबत्ता

माझा मावसभाऊ मलावीत साखर कारखान्यात आहे. तिकडे याओ लोक आहेत म्हणतो. नाव पाठवा, फोनवर कुणाकडून तरी म्हणून घेऊन रेकॉर्ड करून पाठवायला सांगतो. तेवढं मुद्रितशोधन मात्र मला देऊ नका.

मोडीवेडा

खलबत्ता, दोन पानं तुमच्या नावावर लिहिली आहेत. पान २३ आणि २४.